वाकड्या चोचीचे पिल्लू: ओळख, आहार आणि निगा



या अंकातील अभ्यासलेख कोंबडीच्या पिल्लांविषयी आहे, आणि त्यातही ज्यांची चोच सरळ नसते अशा पिल्लांविषयी. विषय लहान वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांनी पाड्यांवरील कुटुंबांसाठी पिल्ले दिली आहेत, आणि काहींच्या स्वतःच्या अंगणातही खुराडे आहे. "पिल्लू दिवसभर दाण्यापाशीच असते, टिपतानाही दिसते, तरी वाळत चालले आहे, काय करावे?" असा प्रश्न सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याकडच्या घरांतून आला की आम्ही पहिल्यांदा एकच सांगतो: पिल्लू हातात घ्या आणि समोरून त्याची चोच पाहा.

समोरून पाहणे महत्त्वाचे. बाजूने पाहिले तर वाकडी चोचही पुष्कळदा ठीक दिसते. डोळ्यांच्या मधोमध नाकपुड्यांवरून एक रेघ मनात ओढा. वरची आणि खालची चोच त्या रेघेवर एकमेकींना मिळाली पाहिजेत. कात्रीच्या पात्यांसारखी एक डावीकडे आणि एक उजवीकडे गेली असेल, तर ते आजच्या धड्यातले पिल्लू.

हा दोष बहुधा अंड्यातून बाहेर येताना दिसत नाही. पहिल्या आठवड्यात केसभर फरक असतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो उघड होतो आणि पिल्लू वाढते तसा वाढत जातो. त्यामुळे "पिल्ले चांगली दिली होती, पाड्यावर येऊन वाकडी झाली" अशी तक्रार येते तेव्हा घरच्यांना दोष देऊ नये. मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात घालायला पाचव्या ते सातव्या दिवशी प्रत्येक पिल्लू हातात घ्यावेच लागते. त्याच वेळी चोच पाहून घ्यावी. वेगळा दिवस काढावा लागत नाही.

प्रत्येक बिघडलेली चोच म्हणजे कात्रीचोच नव्हे. चोच रबरासारखी मऊ लागत असेल, बोटाने दाबता वाकत असेल आणि पायही लुळे पडत असतील, तर ती चुन्याची आणि 'ड' जीवनसत्त्वाची उणीव आहे. बंद खोलीत, उन्हावाचून ठेवलेल्या पिल्लांत ती दिसते. शिंपल्यांची भुकटी आणि सकाळचे ऊन मिळाले की अशी पिल्ले पुष्कळदा सुधारतात. चोचीच्या कडेला, तुऱ्यावर, डोळ्याभोवती खपल्या असतील तर ती देवी. ती डासांमार्फत पसरते, तिच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. चोचीचे टोक तुटले असेल तर ते पुन्हा वाढते, कारण चोचीचा बाहेरचा थर आपल्या नखांच्याच द्रव्याचा असतो. तोपर्यंत मऊ अन्न द्यावे, एवढेच.

खऱ्या कात्रीचोचीत मात्र बिघाड बाहेरच्या थरात नसतो, हाडात असतो. खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंना हाडाचा एकेक दांडा असतो. चीनमधील बीजिंग-यू जातीच्या कोंबड्यांत संशोधकांनी हे दांडे मोजले, तेव्हा वाकड्या चोचीच्या पक्ष्यांत एका बाजूचा दांडा दुसऱ्यापेक्षा आखूड आढळला. बैलगाडीचे एक चाक लहान असेल तर गाडी जशी एका बाजूला ओढते, तसेच हे. म्हणूनच चोचीला चिकटपट्टी लावून, दोरा बांधून किंवा रोज बोटाने ओढून ती सरळ होत नाही. पट्टीने नाकपुड्या मात्र बंद होतात. पिल्लू खाणे सोडते आणि दोन दिवसांत जाते. हा उपाय कोणी कितीही खात्रीने सांगितला तरी करू नये.

कारणे एकाहून अधिक आहेत. काही घराण्यांत हा दोष रक्तातूनच येतो. एका पाड्यावर वर्षानुवर्षे एकच कोंबडा आणि त्याच्याच लेकी राहिल्या तर असे दडलेले दोष वर येतात. उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास न राहता खालीवर झाले तरी अवयवांत व्यंगे येऊ शकतात. आईच्या आहारात मँगनीज, बायोटिन, फॉलिक आम्ल कमी असेल तर अंड्यातल्या गर्भाची चोच नीट घडत नाही; कधी वरची चोच आखूड राहून पोपटासारखी दिसते. नुसत्या मक्यावर ठेवलेल्या कोंबड्यांची अंडी उबवायला लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोकळी फिरणारी, शेणकुरातले किडे आणि कोवळा पाला खाणारी कोंबडी या बाबतीत पिंजऱ्यात नुसती कणी खाणाऱ्या कोंबडीपेक्षा सुखी असते.

पिल्लू उपाशी का राहते?

हे नीट समजले की पुढचे सगळे सोपे जाते. कोंबडी दाणा चिमट्यासारखा उचलते. वरच्या आणि खालच्या चोचीची टोके जुळली तरच दाणा पकडला जातो. मग ती मानेला झटका देऊन तो मागे टाकते आणि गिळते. टोके जुळत नसतील तर दाणा निसटतो. पिल्लू पुन्हा टिपते, पुन्हा निसटतो. लांबून पाहणाऱ्याला ते खूप खाते आहे असेच वाटते. आई कोंबडी कुटकुट करून दाणा दाखवते, पिल्लू धावत येते, टिपते, आणि तेवढ्यात शेजारचे भावंड तोच दाणा उचलून नेते. दिवसभर असे चालते. अंड्यातील पिवळ्या बलकाचा साठा पिल्लाच्या पोटात पहिले दोन-तीन दिवस पुरतो, त्यामुळे सुरुवातीला काही कळत नाही. मग पिल्लू भावंडांपेक्षा लहान दिसू लागते, पंख खाली सोडते, डोळे मिटून उभे राहते. अन्न समोर असताना उपासमार, अशी ही स्थिती आहे.

खात्री करायची असेल तर पिल्लू वेगळे काढून त्याच्यापुढे भगरीचे दहा दाणे ठेवा आणि मोजा, किती आत गेले. दहापैकी सात-आठ जात असतील तर फारशी चिंता नाही, फक्त लक्ष ठेवा. दोन-तीनच जात असतील तर आजपासून वेगळे जेवण सुरू करा. दुसरी खूण संध्याकाळी पाहावी. खुराड्यात जाताना पिल्लाच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला अन्नाची पिशवी असते. ती बोटाला भरलेली, मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली तर ते पिल्लू उपाशी झोपणार. सकाळी ती रिकामीच असते, तेव्हा सकाळच्या रिकामेपणाने घाबरू नये.

जेवण कसे द्यावे

वाकड्या चोचीच्या पिल्लाला चिमटा नाही, पण फावडे आहे. खालच्या चोचीने ते अन्न उपसू शकते. म्हणून अन्न खोल असावे आणि ओलसर असावे. ताटलीत पसरलेला दाणा त्याच्या कामाचा नाही. रुंद तोंडाचे मातीचे बोळके, खोल वाटी किंवा नारळाची करवंटी घ्या आणि तिच्यात किमान तीन बोटे खोल अन्न भरा. भांडे जड असावे किंवा मातीत रोवावे, नाहीतर पिल्लू उपसताना ते उलटते. भांड्याची कड पिल्लाच्या छातीइतकी उंच हवी. पिल्लू वाढेल तशी खाली फरशीचा तुकडा किंवा वीट सरकवत जा. चोच खाली जमिनीपर्यंत नेऊन उपसण्यापेक्षा छातीच्या उंचीवरून उपसणे त्याला पुष्कळ सोपे जाते, आणि सांडतेही कमी.

अन्न म्हणून बाजारातले पिल्लांचे खाद्य मिळत असेल तर उत्तम. त्यात साधारण वीस टक्के प्रथिने असतात. ते कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटे फुगू द्या. पाड्यावर ते मिळत नाही तेव्हा घरचे चालते: मक्याचा किंवा ज्वारीचा बारीक भरडा शिजवून घट्टसर करावा, त्यात कुटलेली शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर सुकटीची भुकटी मिसळावी. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती मुळीच देऊ नये; त्या बुरशीचे विष लहान पिल्लाला मोठ्या कोंबडीपेक्षा लवकर बाधते. वारूळ फोडून वाळवी आणणे तर पाड्यावरच्या मुलांना शिकवावे लागत नाही. वाळवी ओल्या अन्नात मिसळली की पिल्लू चोचभर उपसताना तीही आत जाते. उकडलेले अंडे कुस्करून दिले तर अशक्त पिल्लू दोन दिवसांत उभे राहते. अंडे उकडलेलेच हवे. कच्च्या पांढऱ्यातला एक पदार्थ बायोटिनला बांधून टाकतो, आणि बायोटिन तर चोचीलाच लागते. (कोंबडीला अंडे खाऊ घालायचे म्हटले की काही भगिनी तोंड वाकडे करतात. पण अंड्यातल्या पिल्लाचे पहिले अन्न तेच असते.)

किती ओले? मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचले तर सुटावा, इतपत. फार पातळ केले तर पिल्लू अंगावर सांडून घेते आणि भिजून गारठते. फार चिकट केले तर ते चोचीच्या आत, जिभेच्या बाजूला थापले जाते, तिथेच वाळते, कुजते आणि चोचीला जखम करते. म्हणून दिवसातून एकदा, संध्याकाळी, ओल्या कापसाने किंवा मऊ फडक्याने चोच आतून-बाहेरून पुसावी. उन्हाळ्यात ओले अन्न दोन तासांत आंबते. थोडे थोडे करावे, उरलेले मोठ्या कोंबड्यांना टाकावे.

पहिले तीन-चार आठवडे दिवसातून पाच-सहा वेळा, नंतर चार, आणि पिसे पूर्ण आल्यावर तीन वेळा. सकाळी उजाडताच एक आणि अंधार पडण्याआधी एक, या दोन वेळा कधी चुकवू नयेत.

पाण्यासाठी उंच, अरुंद पेला काठोकाठ भरून मातीत रोवावा. उथळ ताटलीतून त्याला पाणी घेता येत नाही, आणि रुंद खोल भांड्यात पिल्लू बुडते. पेल्यात दोन्ही भीती राहत नाहीत. पिचकारीने तोंडात पाणी सोडू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे उघडते आणि पाणी थेट तिथे जाते. अगदीच मरगळलेले पिल्लू असेल तर गूळपाण्याचा एकेक थेंब चोचीच्या कडेला लावावा आणि त्याने स्वतः गिळेपर्यंत थांबावे. दाणे भरडायला बारीक वाळूही लागते. ती वेगळ्या वाटीत ठेवावी.

जेवताना पिल्लू एकटे हवे, पण दिवसभर एकटे नको. एकटे पिल्लू चिवचिवत राहते आणि खात नाही. डालग्याखाली त्याच्यासोबत शांत स्वभावाचे एखादे भावंड ठेवावे, किंवा भावंडांच्या नजरेसमोर डालगे ठेवावे. पोट भरले की पुन्हा आईपाशी सोडावे. उबेची गरजही त्याला इतरांपेक्षा जास्त दिवस असते, कारण हाडामांसावर चरबी नसते.

चोच कापावी का?

थोडी, आणि जपून. दोन्ही टोके एकमेकांवर घासली जात नाहीत म्हणून झिजत नाहीत, आणि वरचे टोक आकड्यासारखे वाढत जाते. ते नखाच्या कानशीने दर दोन-तीन आठवड्यांनी घासावे. कात्री किंवा नेलकटर मोठ्या पक्ष्याच्या टोकालाच, तेही आधी उजेडापुढे धरून पाहिल्यावर. टोकाकडचा फिकट, निर्जीव भाग आणि त्यामागचा गुलाबी, रक्ताचा भाग यांतील फरक दिसतो. गुलाबी भागाला हात लावू नये. तिथे वेदना होते आणि रक्त येते. आलेच तर स्वच्छ कापसाने दाबून धरावे, कोरडे पीठ किंवा हळद दाबावी, आणि रक्त थांबेपर्यंत इतर कोंबड्यांत सोडू नये. लाल दिसले की त्या टोचतात. घासल्याने खाणे सुकर होते, चोच सरळ होत नाही. हे घरच्यांना आधीच सांगावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोंबडी चोचीने केवळ खात नाही, अंगही साफ करते. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतले तेल ती चोचीने पिसांना लावते आणि उवा टिपते. वाकड्या चोचीने हे होत नाही. म्हणून अशा पक्ष्याच्या पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती आठवड्यातून एकदा उवा पाहाव्यात, आणि चुलीची थंड राख व बारीक कोरडी माती मिसळून खड्डा करून द्यावा. त्यात ते लोळते. सातपुड्याच्या पावसात त्याची पिसे लवकर भिजतात. आषाढ-श्रावणात त्याला ओसरीवरच ठेवावे.

कोण घालणार जेवण?

आता ज्यावर सर्व अवलंबून असते त्याविषयी. वर सांगितलेले काम कठीण नाही, पण ते रोज, दिवसातून चार-पाच वेळा, महिनोन्महिने करायचे असते. बहुतेक घरांत ते मुलेच करतात, आणि फार मनापासून करतात. सुट्टीत घरी आलेली आश्रमशाळेतील मुलगी अशा पिल्लाला हातावर घेऊन वाढवते, आणि सुट्टी संपून ती परत गेली की आठ दिवसांत पिल्लू मरते. तिला ते पुढच्या सुट्टीत कळते. दिवाळीनंतर तर घरेच रिकामी होतात. ऊसतोडीला नवरा-बायको गुजरातकडे जातात आणि मागे म्हातारी माणसे उरतात. म्हणून पाड्यावर भेट देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे की असे पिल्लू दिसले तर चोचीइतकीच चौकशी घराची करा. दुपारी घरी कोण असते? मुलगी शाळेत कधी जाणार? आजीच्या डोळ्यांना चोच पुसण्याइतके दिसते का? शेजारच्या घरात कोणी तयार आहे का? आजी तयार असेल तर जेवणाच्या वेळा तीनवर आणाव्यात आणि मुलगी असतानाच, तिच्या देखत, आजीच्या हाताची सवय पिल्लाला लावावी.

दर आठवड्याला, सकाळच्या जेवणाआधी, किराणा दुकानातल्या काट्यावर पिल्लाचे वजन करावे आणि भिंतीवर कोळशाने लिहून ठेवावे. आकडा चढता असेल तर पिल्लू लहान राहिले तरी चालेल. दोन आठवडे आकडा तोच राहिला तर जेवणाची वेळ किंवा भांडे बदलून पाहावे. उतरत असेल, छातीचे हाड सुरीच्या पाठीसारखे लागत असेल, आणि पिल्लू उठत नसेल, तर त्याला तसेच ओढत ठेवू नये. जाणत्या माणसाने धारदार सुरीने, एका घावात त्याची सुटका करावी. इथे आपल्या शहरातल्या काही समर्थकांना वाईट वाटते, हे मला ठाऊक आहे. पण काय करायचे हे ज्या घराने पिल्लू वाढवले त्याने ठरवायचे असते. पक्षी आजारी नसेल, फक्त चोच वाकडी असेल, तर त्याचे मांस खाण्यास काहीच हरकत नाही. एखाद्या कुटुंबाने तो चांगला भरला असतानाच कापला, तर त्यांनी आपल्या देणगीचा अनादर केला असे समजू नये. कोंबडी दिली ती त्यांच्या घरात अन्न यावे म्हणूनच.

जी पिल्ले पहिले दोन-अडीच महिने तग धरतात ती पुष्कळदा पुढेही जगतात. तलंग झाली की ती सहा महिन्यांच्या आसपास अंडी घालू शकते. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. ही थोडी कमी देईल, कारण पोटात जाते त्यावर अंडे बनते. तिची अंडी खावीत, विकावीत, पण उबवायला ठेवू नयेत. वाकड्या चोचीचा कोंबडा असेल तर तो माद्यांत ठेवू नये. आणि ज्या जोडीला एकाहून अधिक अशी पिल्ले झाली, तिच्यातला कोंबडा दुसऱ्या गावच्या कोंबड्याशी बदलावा. पाड्यापाड्यांत कोंबड्यांची अदलाबदल करण्याचे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यात करणे सोयीचे पडते, कारण तेव्हा ऊसतोडीहून लोक परतलेले असतात. ज्या मंडळ्या पुढच्या खेपेसाठी पिल्ले देऊ इच्छितात त्यांनी पिल्लांसोबत प्रत्येक घरामागे एक खोल मातीचे भांडे, नखाची एक कानस आणि दोन किलो पिल्लांचे खाद्य एवढे जोडून द्यावे. भांडे कुंभाराकडूनच घ्यावे. प्लॅस्टिकचे हलके असते, उलटते.